मेलेला सेल

नऊशे दहा किलोमीटर, दोन दिवस, दोन लहान मुलं आणि एक गाडी. ही कल्पना माझ्या नवऱ्याची होती, माझी नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. त्याच्या बहिणीने समुद्राजवळ घर घेतलं होतं आणि आमच्या मुलांनी अजून समुद्र पाहिला नव्हता. रेल्वेने जाऊ म्हटलं, तर म्हणाला, "गाडीने मजा येईल." माझा नवरा जमिनींची मोजणी करतो आणि मजासुद्धा मोजूनच करतो. कुठे किती वाजता थांबायचं, कुठे पेट्रोल भरायचं, कुठे मुलांना शू करायला उतरवायचं, हे सगळं त्याने एका कागदावर लिहून स्टिअरिंगच्या शेजारी चिकटवलं होतं.

"शू काय वेळापत्रक बघून येते का?" मी विचारलं.

"घड्याळवालीच्या पोरांना तरी यायला हवी," तो म्हणाला.

घड्याळवाली म्हणजे मी. एका जिन्याखाली माझं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे. दुकान कसलं, कपाटच म्हणा. आत बसले की गिऱ्हाइकाला माझं डोकं आणि डोळ्यावरचं भिंग एवढंच दिसतं. आधी वडील बसायचे तिथे, आता मी बसते.

मुलांना आम्ही घरात शहाणी आणि भुंगा म्हणतो. भुंगा साडेतीन वर्षांचा. झोप सोडली तर त्याचं तोंड बंद नसतं. शहाणी सहा वर्षांची. तिला ते नाव आधी कौतुकाने पडलं आणि मग आम्हाला सोयीचं झालं. शहाणी आहे ना, ती थांबेल. शहाणी आहे, तिला कळतं. तिला गाडी लागते, पण तिचं ती सांभाळते. पिशवी हातात धरून बसते, ओकून झालं की गाठ मारून पायाशी ठेवते. अशा मुलीकडे वेगळं लक्ष कशाला द्यायचं?

आणि माझा स्वभावही सांगून टाकते. मी तापट आहे. दूध उतू जावं तसा माझा राग येतो आणि खाली बसतो, पण मधल्या वेळात मी काय बोलते ते मला आठवत नाही. ऐकणाऱ्यांना आठवतं म्हणे.

त्या दिवशी बारा चाळीसला, कागदावर लिहिल्याप्रमाणे, आम्ही पेट्रोल पंपावर थांबलो. मुलांचं आवरून परत आलो तर गाडी उघडेना. नवरा किल्लीचं बटण दाबतोय, परत दाबतोय, किल्ली हवेत उंच धरून दाबतोय.

"देवाला दाखवतोयस का तिला?" मी म्हटलं. "दे इकडे."

नुसती किल्ली फिरवून दार उघडलं. आत बसल्यावर पर्समधली डबी काढली. ही डबी माझ्याबरोबर सगळीकडे असते. बारीक पेचकस, चिमटा, चारपाच नवे सेल. किल्लीची पाठ उघडून आतला सेल काढला. नाण्याएवढा, चपटा. काढला आणि सवयीने त्याची कड जिभेच्या टोकाला लावली.

ही खोड वडिलांची. धंदा शिकवला तेव्हा त्यासोबतच दिली. सेल जिवंत असेल तर जिभेला मुंगी चावल्यासारखं होतं, किंचित आंबट लागतं. मेलेला असेल तर काहीच नाही, नुसतं गार लोखंड. दुकानात मीटर आहे माझ्याकडे, पण मीटरच्या तारा सोडवेपर्यंत माझी जीभ दहा सेल तपासते.

"मला! मला!" मागून भुंगा ओरडला.

"हे तोंडात घालायचं नसतं," मी म्हटलं. सेल तेव्हा माझ्या तोंडातच होता.

"मग तू का घातलास?"

"मी आई आहे म्हणून."

शहाणी पुढच्या दोन सीटांच्या मधून वाकून बघत होती. "कळतं का गं आई जिभेला? खरंच?"

"कळतं. हा मेलाय," मी म्हटलं. मेलेले सेल मी वेगळ्या पुडीत ठेवते, पण नवरा कागदाकडे बघत म्हणाला, "सहा मिनिटं उशीर." म्हणून घाईघाईत नवा सेल बसवला आणि जुना दोन सीटांच्या मधल्या, पेला ठेवायच्या खाचेत टाकला. बारा पन्नासला आम्ही निघालो. निघताच मी खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले. मागे दोघांची कुजबुज, हसणं चाललं होतं. भांडत नाहीत हेच नशीब, असं मनात म्हटलेलंही मला आठवतं.

सव्वा वाजता जाग आली. सेल पुडीत टाकावा म्हणून खाचेत हात घातला. दोन टॉफीचे कागद, एक पिन. सेल नाही.

सीटखाली पाहिलं. पायपुसणं उचललं. पर्स उपडी केली.

"सेल कुणी घेतला?"

मागे एकदम शांतता झाली. भुंगा शांत बसला की समजावं, काहीतरी झालंय. मी मागे वळले. त्याच्या हनुवटीवर लाळ होती आणि डोळे बशीएवढे झाले होते.

"भुंग्या, सेल तू घेतलास?"

त्याने मान हलवली. हो.

"तोंडात घातलास?"

हो.

पुढचा प्रश्न मी किती मोठ्याने विचारला ते मला सांगता येणार नाही, पण नवऱ्याच्या हातून गाडी थोडी हलली, एवढं खरं. "गिळलास? बोल! गिळलास का तू?"

भुंग्याने मान हलवली आणि भोकाड पसरलं.

"आई, ऐक ना," शहाणी म्हणाली.

"तू एक शब्द बोलू नकोस! तुझ्या शेजारी बसून त्याने सेल तोंडात घातला आणि तू बघत बसलीस? एवढी मोठी घोडी झालीयस, एवढंही लक्ष ठेवता येत नाही?"

"पण आई—"

"एक शब्द नको म्हटलं ना!"

ती गप्प बसली.

आमच्या मुलांचे डॉक्टर दोघांनाही जन्मापासून ओळखतात. त्यांना फोन लावला आणि नवऱ्यालाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकून मांडीवर ठेवला. कोणता सेल, केवढा, किती वेळ झाला, असं त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. मापसुद्धा सांगितलं, वीस मिलिमीटर. त्यात तरी मी चुकणार नव्हते.

"पण मेलेला होता डॉक्टर," मी म्हटलं. "मी स्वतः तपासला होता."

"तुमच्या किल्लीसाठी मेला असेल," ते म्हणाले. "गळ्यासाठी नाही. नीट ऐका. पोटात उतरला असेल तर उत्तम. पण एवढा मोठा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो, आणि अडकला की जिथे टेकतो तिथे आतून जाळत जातो. दोन तासांत भाजतं. पुढे भोकसुद्धा पडू शकतं. दुर्बीण घालून काढणारं हॉस्पिटल गाठा, तेही लगेच. उलटी करवू नका. खायला-प्यायला काही देऊ नका. फक्त मध मिळाला तर दर दहा मिनिटांनी दोन चमचे द्या. मधाने भाजणं जरा लांबतं. सहा वेळा, त्यापेक्षा जास्त नको. आणि मधासाठी वेळ घालवू नका."

हे सगळं गाडीतल्या चौघांनी ऐकलं. तेव्हा मला वाटलं, आम्ही दोघांनीच ऐकलं.

"मोठं हॉस्पिटल पुढे एकाहत्तर किलोमीटरवर," नवरा म्हणाला. "मागे गेलो तर अठ्ठ्याण्णव. पुढेच जाऊ." त्याचा आवाज नेहमीसारखा होता, पण कानामागून घामाची धार लागली होती. त्याने तो कागद ओरबाडून काढला आणि खाली टाकला.

पाच मिनिटांवर एका फाट्याला किराणा दुकान लागलं. मी गाडी पुरती थांबायच्या आत उतरले. मध कुठे ठेवलाय हे दुकानदाराला आठवेना. तो डब्यामागचे डबे बाजूला करत होता आणि मी अशी काही ओरडले की त्याची बायको आतून पळत आली आणि तिने एका हाताने बाटली काढून दिली. चमचा तिने स्वतःच्या घरातला दिला. परत करायला सांगितलं नाही.

मी मागच्या सीटवर मुलांच्या मधे बसले. भुंग्याने पहिला चमचा घेतला, दुसरा थुंकला. त्याला गोड आवडत नाही. माझ्या पोटी असलं पोर कसं जन्माला आलं, देव जाणे. त्याचं नाक दाबलं, तोंड उघडलं, चमचा घशापर्यंत नेला. तो लाथा झाडत होता. माझा कुडता चिकट झाला, सीट चिकट झाली.

"आई," शहाणी म्हणाली. "मला पण दे ना थोडा."

मी तिच्याकडे वळले. हे मला शब्दन् शब्द आठवतं. बाकीचं आठवत नाही, पण हे आठवतं. "हे औषध आहे, खाऊ नाही. भावाच्या जिवावर बेतलंय आणि तुला मध सुचतोय? लाज नाही वाटत?"

तिने तोंड खिडकीकडे केलं.

तासाला शंभराच्या वर गाडी गेलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली, आणि तीही माझ्या नवऱ्याच्या हातात, जो साठच्या पाटीला अठ्ठावन्नने जातो. मी मोबाइलमधलं घड्याळ धरून बसले होते. एक पस्तीस, दोन चमचे. एक पंचेचाळीस, दोन चमचे. आयुष्यभर लोकांची घड्याळं नीट केली, पण मिनिट एवढं मोठं असतं आणि एवढं लहानही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दोनला पाच मिनिटं कमी असताना रस्ता अडला. अर्धा रस्ता खोदला होता आणि उरलेल्या अर्ध्यावरून एकदा इकडची, एकदा तिकडची वाहनं सोडत होते. आमच्या तोंडासमोर लाल झेंडा आडवा झाला. पुढे एकही गाडी नव्हती, फक्त तो झेंडेवाला आणि त्याची खुर्ची.

मी उतरून त्याच्या अंगावरच धावले. मूल आहे, गळ्यात सेल आहे, मरेल, सोड, तुला मुलंबाळं आहेत की नाही, काय काय बोलले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, समोरून ट्रक येतोय," तो म्हणाला. "तुम्हाला सोडलं तर तुम्ही मधे अडकाल. मग मागेही येता येणार नाही."

"मग कर काहीतरी!"

"तेच करतोय. जरा ओरडायचं थांबलात तर मला फोनवर बोलता येईल."

मी थांबले. त्याने पलीकडच्या माणसाला सांगून तिकडची रांग तोडली, आणि येणारा शेवटचा ट्रक आमच्या बाजूने जाताच हिरवा झेंडा दाखवला. चार मिनिटं गेली. माझं न ऐकता, माझ्यावर न चिडता त्या माणसाने चार मिनिटांत काम केलं. आभार मानायचं मला सुचलं नाही.

गाडीत आले तर आंबट वास येत होता. शहाणीने पिशवीत उलटी केली होती. अजून वाकूनच बसली होती आणि तोंडातून लाळेची तार लोंबत होती.

"हिला बघ जरा," नवरा आरशातून म्हणाला.

"तिला काय बघायचंय? गाडी लागलीय, नेहमीचंच आहे. सकाळी गोळी दिली होती. शहाणी, लांब बघ, खिडकीबाहेर. तोंड पूस."

तिने बाहीने तोंड पुसलं. तोंड पुन्हा ओलं झालं. ती थुंकी गिळत नव्हती, पिशवीत सोडत होती. मी ते पाहिलं. डोळ्यांनी पाहिलं, पण माझं सगळं लक्ष मांडीवरच्या पोराच्या गळ्यावर होतं. तो मधेच हुंदका द्यायचा आणि मला वाटायचं, आता गेला. पुढचे दोन चमचे. शहाणीच्या हातातली पिशवी भरत आली तेव्हा मी तिला दुसरी दिली, हे मात्र केलं.

हॉस्पिटलच्या दारात दोन चाळीसला पोचलो. वाटेत कळवल्यावर आमच्या डॉक्टरांनी तिथे आधीच फोन केला होता, त्यामुळे बाहेर व्हीलचेअर उभी होती. भुंगा तिच्यात बसायला तयार होईना, म्हणून मी त्याला कडेवर घेऊन धावले. मागे नवरा, त्याच्या बोटाला शहाणी. तिची ती चालत होती.

एक्स-रेच्या खोलीत चष्मा लावलेली एक बाई होती. हातात शिशाचा जड एप्रन. "अंगावरचं धातूचं सगळं काढा," तिने सांगितलं. "बक्कल, पिन, साखळी, काही ठेवू नका. धातू असला की त्याच्यामागचं दिसत नाही." भुंग्याच्या पट्ट्याचं बक्कल माझ्याने निघेना. घड्याळातले केसाएवढे स्क्रू काढणारी मी, आणि बक्कल निघेना. शेवटी त्या बाईने काढलं. तोंडापासून खालपर्यंत दोन फोटो घेतले. मी एप्रन घालून त्याचे हात धरले होते.

ती पडद्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"काही नाही," ती म्हणाली.

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे नाहीच. गळ्यात नाही, पोटात नाही, आतड्यात नाही. याने काही गिळलेलं नाही."

मी तिथेच खाली बसले. हसू आलं, रडू आलं, आणि मग जे यायचं तेच आलं. मी भुंग्याचे खांदे धरले. "मग हो का म्हणालास? गिळलास का विचारलं तर मान का हलवलीस?"

"तू ओरडत होतीस," भुंगा म्हणाला.

एवढंच. तो टेबलावरून पाय हलवत बसला होता आणि गालावर मध वाळला होता. मी ओरडून विचारलं की तो कशालाही हो म्हणतो, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत असायला हवं होतं.

तेवढ्यात दार ढकलून शहाणी आत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. केसांतल्या दोन्ही पिना तिने काढल्या होत्या, गळ्यातली बारीक साखळी काढली होती आणि सगळं मुठीत धरलं होतं. तिने ती मूठ त्या बाईपुढे उघडली. "आता माझा काढा," ती म्हणाली. तिचा आवाज घोगरा झाला होता.

त्या बाईने माझ्याकडे पाहिलं आणि मग मला न विचारता शहाणीला उचलून टेबलावर ठेवलं.

पडद्यावर तिचा गळा आला, छातीच्या बारीक फासळ्या आल्या आणि गळ्याच्या जरा खाली एक पांढरी गोल चकती आली. नाणं नव्हतं ते. नाण्याला एक कड असते. याला आत दुसरी कड होती. ही दुहेरी कड मी रोज भिंगातून बघते. झोपेत दाखवली असती तरी ओळखली असती.

"कधी?" मी विचारलं.

"पंपावरून निघालो तेव्हा," शहाणी म्हणाली. "भुंग्याने घेतला होता. तो चाटत होता. मी काढून घेतला. मग मी बघत होते जिभेला कळतं का, आणि गाडी खड्ड्यात उडाली, तसा तो आत गेला."

बारा पन्नास. आता तीनला दहा मिनिटं कमी होती. म्हणजे दोन तास. डॉक्टर बोलत होते ते ती गाडीत बसून ऐकत होती. आतून जाळतं, हे ऐकत होती. भोक पडतं, हे ऐकत होती. मध दिला की भाजणं लांबतं, हेही. आणि त्या सहा वर्षांच्या पोरीने काय करायचं ते बरोबर ओळखलं आणि माझ्याकडे मध मागितला. मी तिची लाज काढली.

पुढचं सगळं भराभर झालं. दुर्बिणीचे डॉक्टर हात धुता धुताच बोलत होते. "मध दिलात का?"

"दिला," मी म्हटलं. "याला दिला."

त्यांना काही कळलं नाही. नवऱ्याने नीट सांगितलं. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "आता देऊ नका. आता थेट आत घेतो." कागदावर सही नवऱ्याने केली.

स्ट्रेचरवर झोपवताना मी तिच्या कानाशी वाकले. "का नाही सांगितलंस गं? मला का नाही सांगितलंस?"

"सांगत होते," शहाणी म्हणाली. तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. वेळ विचारली तर सांगावी तसं सांगितलं. "तू म्हणालीस, एक शब्द नको."

दार बंद झालं.

बाकावर आम्ही तिघं. भुंगा बापाच्या मांडीवर झोपून गेला. समोरच्या भिंतीवर एक मोठं घड्याळ होतं आणि ते सात मिनिटं पुढे होतं. एरवी मी कुणाला तरी बोलावून सांगितलं असतं. नवरा मला काहीच बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं. मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या, वडिलांना घातल्या, जिभेला घातल्या. एकदा वाटलं, उठावं आणि त्या दारावर डोकं आपटावं. तेही केलं नाही, कारण आत आवाज गेला असता.

पस्तीस मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या हातात स्टीलची वाटी होती आणि तिच्यात तो सेल. एक बाजू काळी पडली होती. "निघाला," ते म्हणाले. "आत भाजलंय. पुष्कळ भाजलंय. भोक पडलेलं दिसत नाही, पण लगेच काही बोलणार नाही. काही दिवस नाकातून नळी राहील, तोंडाने काही नाही, पाणीही नाही. मग परत आत बघू. अर्धा तास आधी आला असतात तर..." आणि ते थांबले. भले गृहस्थ होते.

मी वाटीकडे बघत होते. घ्यायला हात पुढे झाला आणि मी तो मागे घेतला.

संध्याकाळी तिला वॉर्डात आणलं. खिडकीपाशी खाट होती. मी उशाशी स्टूल घेऊन बसले, तिच्या कपाळावर हात ठेवून. नवरा भुंग्याला खांद्यावर घेऊन दाराशी उभा होता, कारण लहान मुलांना आत सोडत नव्हते. मी ठरवलं होतं की ती जागी झाली की मी काहीच विचारणार नाही. नुसती हसेन. आवाज अगदी बारीक ठेवेन.

पावणेसातला तिने डोळे उघडले. छताकडे पाहिलं, नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा नीट न्याहाळला, कपाळ, भुवया, तोंड. बाहेर पडण्याआधी माणसं आभाळ बघतात ना, तसा. मी हसले. जेवढं हसता आलं तेवढं हसले.

"बोल राणी," मी म्हटलं. "काय हवंय?"

ती आणखी थोडा वेळ बघत राहिली. मग तिने मान हळूच वळवली आणि माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली. आवाज फुटत नव्हता. इतक्या लांब त्याला तो ऐकूही गेला नसता. "बाबा, खूप दुखतंय."